‘गेट टू द बॉटम ऑफ धिस’ असा मेल आला की काय करायचं? बेळगावच्या फाउंड्रीत नव्याने लागलेल्यांसाठी

उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याच्या फाउंड्रीत क्वालिटी विभागात लागलेल्या मुलामुलींना पहिल्या काही महिन्यांत एक मेल हमखास येतो. कास्टिंग मशिनिंगला लावल्यावर छिद्रं दिसली, इतके नग बाजूला काढले, फोटो जोडले आहेत, आणि खाली एक ओळ: ‘प्लीज गेट टू द बॉटम ऑफ धिस.’ खानापूर, चंदगड, निपाणी, हुक्केरीकडून आलेल्या, दहावीपर्यंत मराठीत आणि पुढे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग इंग्रजीत शिकलेल्या मुलांना या ओळीचा अर्थ कळतो. संध्याकाळी साहेबांसमोर उभं राहण्याआधी नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. ते इथे सांगतो. उदाहरण राखाडी बिडाचं, म्हणजे ग्रे आयर्नचं घेतलं आहे, कारण आपल्याकडे तेच जास्त ओततात. पद्धत पंप, व्हॉल्व्ह, ब्रॅकेट सगळ्यांना लागू पडते.

मेलमधली ओळ नीट वाचा

ग्राहक कोणते शब्द वापरतो त्यावरून त्याला काय हवंय ते कळतं. ‘प्लीज लुक इन्टू इट’ लिहिलं असेल तर त्याला एवढंच हवंय की तुम्ही लक्ष घाला. ‘ड्रिल डाउन’ म्हटलं की महिन्याचा एकूण रिजेक्शनचा आकडा फोडून दाखवा: कुठला पार्ट, कुठला दोष, कुठली शिफ्ट. ‘डीप डाइव्ह’ म्हणजे एकाच विषयावर सगळे मिळून बसा आणि आतबाहेर तपासा. ‘गेट टू द बॉटम’ या तिन्हींपेक्षा कडक आहे. कारण लपलेलं आहे, ते सापडेपर्यंत थांबू नका, असा त्याचा रोख असतो. अशा मेलला ‘ऑपरेटरला समज दिली आहे’ असं उत्तर पाठवलं की दुसरा मेल तुमच्या साहेबांच्या साहेबांना जातो.

आधी माल अडवा

शोध नंतर. तोच दोष असू शकेल असा माल सध्या चार ठिकाणी असतो: ग्राहकाकडे, वाटेत ट्रकमध्ये, तुमच्या डिस्पॅचला आणि फेटलिंग-शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे कास्टिंग साफ करण्याच्या, रांगेत. चारही ठिकाणचे आकडे हीट नंबरसकट (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेलं लोखंड) लिहून काढा, लाल टॅग लावा. बहुतेक ग्राहकांना एवढी माहिती 24 तासांत हवी असते. फोर्ड कंपनीने 1987 मध्ये जी पद्धत पुस्तिकेच्या रूपाने मांडली आणि जिला आज सगळे एटडी (8D, आठ पायऱ्यांची पद्धत) म्हणतात, तिच्यातही माल अडवणं ही तिसरी पायरी आहे आणि मूळ कारण चौथी. हा क्रम मोडू नका. तुम्ही कारण शोधत असताना खराब नग पुढे जात राहिले तर ग्राहकाच्या लेखी तुमच्या शोधाला काही किंमत उरत नाही.

तुकडा हातात घ्या

बहुतेक नवीन मुलं इथे चुकतात. फोटो बघून मीटिंगला बसतात, आणि मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचं कारण मान्य होतं. फोटोवरून दोष ओळखू नका. खराब नग मागवून घ्या, छिद्रावरून कापा, टॉर्च आणि दहापट भिंग घेऊन उजेडात बसा.

छिद्राची आतली भिंत गुळगुळीत, चकचकीत आणि आकार गोलसर असेल तर तो वायू आहे, म्हणजे ब्लो होल किंवा पिनहोल. भिंत खडबडीत, आत बारीक काटेरी स्फटिकांसारखी रचना, आणि जागा जाड भाग पातळ भागाला मिळतो तिथली असेल तर ते श्रिंकेज. लोखंड गोठताना आकसलं आणि त्याला पुरेसं द्रव लोखंड मिळालं नाही. आत वाळूचे कण अडकलेले दिसले तर साचा कुठेतरी खरवडला किंवा पडला आहे. काचेसारखा काळपट पदार्थ असेल तर स्लॅग. हे चार एकमेकांत मिसळले की पुढचं सगळं काम वाया जातं. श्रिंकेज असताना वाळूतलं पाणी कमी करत बसलात तर महिनाभर हाती काही लागणार नाही.

मग जागा बघा. वायू वर चढतो, म्हणून वरच्या बॉक्सच्या, म्हणजे साच्याच्या वरच्या भागाच्या, बाजूला असलेल्या छिद्रांनी वायूचा संशय पक्का होतो. छिद्रं कोअरला, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याला, लागून असतील तर कोअरमधून निघालेल्या वायूकडे वळा: बाइंडर (वाळू धरून ठेवणारा पदार्थ) जास्त झाला, व्हेंट (वायू बाहेर जायची वाट) बुजला, किंवा कोअरला लावलेला वॉश, म्हणजे लेप, नीट वाळला नाही. कातडीच्या लगेच खाली, एक ते तीन मिलिमीटरची, पहिला कट घेतल्यावरच दिसणारी बारीक गोल छिद्रं असतील तर हायड्रोजनच्या पिनहोलचा विचार करा. पाणी आणि तापलेलं लोखंड एकत्र आलं की हायड्रोजन सुटतो. स्क्रॅपमधून किंवा इनॉक्युलंटमधून (ओतण्याआधी लोखंडात थोडं घालतात ते मिश्रण) थोडं अ‍ॅल्युमिनियम आलं असेल तर ही प्रवृत्ती आणखी वाढते.

कापलेला तुकडा फेकू नका. त्यावर हीट नंबर पंच करा आणि ठेवून द्या. पुढे लागतो.

दोष कुठे आहे, आणि कुठे नाही

आता रजिस्टर उघडा. दोन रकाने आखा: कुठे आहे, कुठे नाही. दुसरा रकाना पहिल्याइतकाच कामाचा असतो, आणि तोच कुणी भरत नाही.

पॅटर्नप्लेटवर चार कॅव्हिटी, म्हणजे एका साच्यात चार नगांच्या जागा, आहेत आणि दोष एकाच कॅव्हिटीत आहे? मग लोखंड, वाळू, पाऊस हे सगळे संशयित बाहेर, कारण ते चौघांना सारखेच मिळाले. त्या कॅव्हिटीचा गेट (लोखंड आत यायची वाट), व्हेंट किंवा कोअर बघा. चारही कॅव्हिटीत आहे, पण फक्त सकाळच्या पहिल्या हीटमध्ये? मग लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं. लॅडलच्या शेवटच्या काही बॉक्समध्येच आहे? मग थंड पडलेलं लोखंड. ओतायला उशीर झाला की तापमान उतरतं, इनॉक्युलंटचा परिणामही ओसरत जातो. सगळ्या शिफ्टमध्ये, पण पावसाळी आठवड्यातच? मग कोअर कुठे ठेवले होते ते बघायला जा.

आपल्याकडे जूनपासून हा शेवटचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा ठरतो. बेळगावचा पाऊस नुसता पडत नाही, हवेत भरून राहतो, आणि खानापूरच्या बाजूला तर जास्तच. सीओटू आणि सिलिकेटचे कोअर ओल्या हवेत ठेवले की पाणी ओढतात आणि कमकुवत होतात. शेडच्या कडेला पत्र्याखाली ठेवलेली रॅक आणि आतल्या भिंतीजवळची रॅक यांत फरक पडतो. तो फरक रजिस्टरमध्ये नसतो, तिथे जाऊनच कळतो.

हीट नंबर, लॅडल नंबर, बॉक्सचा क्रम आणि ओतताना घेतलेलं तापमान या चार गोष्टी तुमच्या फाउंड्रीत लिहिल्या जात नसतील, तर तुमचा पहिला अहवाल त्याबद्दलच असू द्या. या चार गोष्टींशिवाय मुळाशी जाण्याचं वचन कुणी देऊ नये.

शॉपवर विचारायची रीत

रजिस्टर जे सांगत नाही ते माणसं सांगतात, नीट विचारलं तर. आणि नीट म्हणजे ‘का’ने सुरुवात न करता. ‘मामा, लॅडल लवकर का उचललंत?’ असं विचारलं की समोरचा माणूस स्वतःला सांभाळायला लागतो. ‘मामा, पहिल्या हीटला लॅडल किती वेळ बर्नरवर होतं?’ असं विचारलं की तो वेळ सांगतो. कन्नड बोलणाऱ्या अण्णांना ‘याक?’ विचारण्याआधी ‘एनातु अण्णा?’ विचारा, म्हणजे ‘काय झालं?’ आपल्या शॉपवर एकाच लाइनवर मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारे लोक असतात. ज्याला ज्या भाषेत बोलायला सोपं जातं त्या भाषेत विचारा, येत नसेल तर सोबत कुणाला तरी घेऊन जा. इंग्रजीत छापलेला फॉर्म त्याच्या हातात देऊन आलात तर सही मिळेल, माहिती मिळणार नाही.

जुन्या मोल्डरच्या हाताला मान द्या. वाळू मुठीत दाबून तो बघतो: बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, गोळा मोडल्यावर कडा धारदार राहिल्या पाहिजेत, तळव्याला वाळू चिकटली नाही पाहिजे. ‘आज वाळू ओली लागालीय’ असं तो म्हणाला तर ते कागदावर घ्या, वेळ लिहा, आणि लगेच नमुना घेऊन लॅबला जा. 105 ते 110 अंशांवर वाळवून ओलावा काढा, आणि कॉम्पॅक्टॅबिलिटीही, म्हणजे वाळू दाबल्यावर किती बसते तेही, तपासा. परतीची वाळू किती गरम आहे तेही बघा. ती 50 अंशांच्या वर असेल तर मिक्सरमध्ये घातलेलं पाणी नीट मुरत नाही, वाफ थंड पॅटर्नवर आणि कोअरवर जमते, आणि मग ओलाव्याचा आकडा बरोबर असूनही दोष येतो. मोल्डरचं म्हणणं आणि लॅबचा आकडा जुळला नाही तर दोघांपैकी एकाला खोटं ठरवू नका. नमुना कुठून आणि कधी घेतला ते आधी तपासा.

‘का’ची साखळी

आता ‘का’ विचारायची वेळ आली, आणि तो विचारायचा घटनेला, माणसाला नाही. पाच वेळा ‘का’ विचारण्याची रीत टोयोटाची. साकिची टोयोडांनी सुरू केली, ताइची ओनोंनी कारखान्यात रुजवली. ओनोंचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशीन थांबलं, कारण जादा भार येऊन फ्यूज उडाला. भार आला, कारण बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. तेल पुरत नव्हतं, कारण पंप नीट ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. शाफ्ट झिजला, कारण गाळणी नव्हती आणि धातूचा चुरा आत जात होता. फ्यूज बदलून थांबलं असतं तर काही दिवसांनी मशीन पुन्हा बंद पडलं असतं.

आपल्या पिनहोलची साखळी समजा अशी निघाली. छिद्रं हायड्रोजनची आहेत. हायड्रोजन लॅडलच्या ओल्या अस्तरातून आला. अस्तर ओलं होतं, कारण सुट्टीच्या दिवशी डागडुजी झाली आणि सकाळी ते पुरेसं तापलं नाही. तापलं नाही, कारण लॅडल तीन आणि बर्नर एक. तिसऱ्या लॅडलला पहिल्या हीटपर्यंत वेळच मिळत नाही. आणि अस्तर किती तापलं पाहिजे, ते कोण बघणार, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

या साखळीतल्या प्रत्येक कडीपुढे पुरावा लिहा: तुकड्याची भिंत, रजिस्टरमधला लॅडल नंबर, डागडुजीची तारीख, बर्नरची वेळ. ज्या कडीपुढे पुरावा नाही तिच्यापुढे ‘अंदाज’ असा शब्द लिहा आणि तो तसाच राहू द्या, निदान पुरावा मिळेपर्यंत. पाच हा आकडा काही पवित्र नाही. कधी तीनमध्ये भागतं, कधी सात लागतात. साखळीला फाटे फुटत असतील तर जपानी गुणवत्ता-तज्ज्ञ इशिकावांची माशाच्या काट्यासारखी आकृती काढा: माणूस, मशीन, माल, पद्धत, मापन, वातावरण. पण आकृती भिंतीवर लावली म्हणजे कारण सापडलं असं समजू नका. ती फक्त संशयितांची यादी आहे.

दोन ठिकाणी साखळी थांबवायचा मोह होतो. एक, ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’. दुर्लक्ष झालं असेलही, पण तीन लॅडल आणि एक बर्नर असताना उद्या दुसरा कुणीही तिथे उभा केला तरी तेच होणार आहे. दोन, ‘पाऊस’. पाऊस आपल्या हातात नाही. कोअरची रॅक कुठे ठेवायची ते आहे. आपल्या हातात असलेल्या गोष्टीपर्यंत येईपर्यंत विचारत राहायचं.

कारण सिद्ध करा

एवढं झाल्यावरही तुमच्याकडे फक्त एक चांगली गोष्ट तयार झालेली असते. ती खरी आहे का, हे बघायचा एकच मार्ग मला पटतो: दोष मुद्दाम घालवून दाखवा, आणि मुद्दाम परत आणून दाखवा.

एकाच हीटचं लोखंड दोन लॅडलमध्ये घ्या. एक नेहमीसारखं, एक पूर्ण तापवून लाल केलेलं. साचे त्याच वाळूचे, तेच पॅटर्न, कोअर एकाच रॅकवरचे. एका वेळी एकच गोष्ट बदला. साचा उघडा असताना मशिनिंग न होणाऱ्या बाजूला आकडा कोरा, म्हणजे फेटलिंगनंतरही कुठला नग कुठल्या लॅडलचा ते ओळखता येईल. खडूची खूण शॉट ब्लास्टिंगमध्ये जाते. नग मशिनिंग करून बघा, नुसते वरून नको. दुसऱ्या दिवशी लॅडलची अदलाबदल करा. दोष न तापलेल्या लॅडलच्या मागे गेला पाहिजे. गेला नाही, तर तुमचं कारण चुकीचं आहे किंवा अपुरं आहे, आणि ते आता कळलं हे चांगलंच झालं. या चाचणीचे नग वेगळे ठेवा, चुकूनही डिस्पॅचला जाऊ देऊ नका.

किती नग ओतायचे? इथे बहुतेक अहवाल कच्चे असतात. समजा नेहमीचं रिजेक्शन 5 टक्के आहे. तुम्ही काहीच बदललं नाही तरी लागोपाठ 20 नग चांगले निघण्याची शक्यता जवळपास 36 टक्के असते. 0.95 चा 20 वा घात कॅल्क्युलेटरवर काढून बघा. म्हणजे 20 चांगल्या नगांवरून ‘दोष गेला’ म्हणणं हा निव्वळ नशिबाचा भाग असू शकतो. लागोपाठ 60 चांगले निघाले तर तशी शक्यता 5 टक्क्यांच्या खाली येते. रिजेक्शन 1 टक्का असेल तर 300 नग लागतात. हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: 3 ला रिजेक्शनच्या दराने भागा. 3 भागिले 0.05 म्हणजे 60. प्रॉडक्शनवाले एवढे नग द्यायला कुरकुर करतील. हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, ऐकतात.

तो नग सुटला कसा

ग्राहकाच्या मनात दुसरा प्रश्न असतोच: दोष झाला ते झालं, पण तुमच्या तपासणीतून माझ्यापर्यंत आला कसा? त्याचीही वेगळी साखळी लिहा. कातडीखालचं पिनहोल नुसत्या नजरेने फेटलिंगला दिसणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगा. मग उपाय म्हणून प्रत्येक दिवसाच्या पहिल्या लॅडलच्या पहिल्या बॉक्समधला एक नग कापून किंवा कट घेऊन बघायचं ठरवा. ‘शंभर टक्के तपासणी करू’ हे वाक्य लिहिताना ती कोण करणार आणि त्याला दिसणार काय, हे आधी स्वतःला विचारा.

खोदणं कुठे थांबवायचं

इंग्रजीत ‘रॅबिट होल’ म्हणतात तसं होऊ शकतं. एकातून दुसरं निघत जातं आणि माणूस रात्री नायट्रोजनवरचे लेख वाचत बसतो, तेव्हा शॉपवर तिसऱ्या लॅडलखाली बर्नर पेटलेलाच नसतो. ज्या शंकेची चाचणी या आठवड्यात करता येईल ती आधी घ्या. बाकीच्या यादीत लिहून ठेवा.

उत्तराचा मेल

सुरुवातीच्या मेलमध्ये भविष्यकाळ वापरा: ‘वुई हॅव कंटेन्ड द स्टॉक अँड वुई विल गेट टू द बॉटम ऑफ द पिनहोल इश्यू बाय फ्रायडे.’ वाक्प्रचारानंतर ‘ऑफ’ आणि मग समस्येचं नाव, हा त्याचा साचा. तारीख द्या, आणि ती पाळता येईल अशीच द्या. मध्ये काही सापडलं पण सिद्ध झालं नसेल तर ‘वुई सस्पेक्ट’ लिहा. ‘वुई हॅव गॉट टू द बॉटम ऑफ इट’ हे वाक्य दोष घालवून आणि परत आणून दाखवल्यानंतरच लिहायचं, आणि त्याच मेलमध्ये चाचणीचे आकडे जोडायचे.

हाच वाक्प्रचार सहकाऱ्यांशी वापरताना जपा. कोअर शॉपच्या इन्चार्जना ‘आय वाँट टू गेट टू द बॉटम ऑफ धिस’ असा मेल टाकलात तर ‘तुम्ही काहीतरी लपवताय’ असा वास त्यांना येतो. त्यांच्याकडे चालत जा आणि मराठीत किंवा कन्नडमध्ये बोला. ग्राहकालाही त्याच्या बाजूच्या एखाद्या गोष्टीबद्दल, समजा मशिनिंगच्या क्लॅम्पिंगबद्दल, काही विचारायचं असेल तर ‘कुड वुई लुक इन्टू धिस टुगेदर’ बरं.

शेवटच्या एटडीला मूळ कारणाची साखळी, सुटण्याची साखळी, चाचणीचा तक्ता आणि कापलेल्या तुकड्यांचे फोटो जोडा. ज्या दिवशी तो पाठवाल त्याच दिवशी कंट्रोल प्लॅन आणि एफएमईए (काय बिघडू शकतं त्याचा तक्ता) सुधारा. लॅडल किती वेळ तापवायचं, कुणी बघायचं आणि कुठे लिहायचं, हे मराठी आणि कन्नड दोन्हीत छापून बर्नरजवळच्या फळ्यावर लावा. पहिल्या हीटला सकाळी स्वतः तिथे उभे राहा, आणि तिसऱ्या लॅडलची वेळ लिहिली जाते का ते बघा.